पत्ता : हिनकल

३ जुलै, गुरुवार

मराठी मंडळाच्या वेबसाइटवर पुन्हा कोणीतरी सकाळपासून पासवर्ड ओळखत बसलंय. आयपी, म्हणजे त्याच्या कनेक्शनचा क्रमांक, तपासला. परदेशातला भाड्याचा सर्व्हर. त्या क्रमांकांची अख्खी रांगच बंद करून टाकली, चहा गार व्हायच्या आत काम झालं. अध्यक्षांना कळवलं, तर म्हणतात, "परदेशातून पण बघतात अल्वा आपली साइट! छान की!" (अल्वा म्हणजे कन्नडमध्ये 'नाही का'.) ह्याच गृहस्थांनी साइटचा पासवर्ड म्हणून स्वतःचं आडनाव ठेवलं होतं, आणि वर विसरायला नको म्हणून मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं. चोराने एवढे कष्ट कशाला घ्यावेत? ग्रुपात यायचं ना सरळ.

म्हैसूरला येऊन इतकी वर्षं झाली, पण ह्या मंडळाची मला अजून सवय होत नाही. नेटवर्कची नोकरी करते म्हणून साइट माझ्या गळ्यात. फुकट.

५ जुलै, शनिवार

अध्यक्षांच्या वर्धापनदिनाच्या भाषणाखाली 'सत्यवादी' नावाने कोणीतरी लिहिलंय: "हे मराठी नव्हे, मराठीचा बिसीबेळे भात. काय काय घातलंय ते शिजवणाऱ्यालाही माहीत नाही."

खरंच आहे. हसू आलं.

अध्य. मात्र पेटलेत. फोनवर फोन. "कोण ते शोधून काढा म्यॅडम, तुमच्याकडे सगळं कळतं म्हणे अंते." म्हटलं, क्रमांक कळतो, माणूस कळत नाही. ऐकतायत कुठे. शेवटी क्रमांक तपासून मेल पाठवली. मंडळाचा पत्रव्यवहार शुद्ध मराठीतच हवा हा माझा आग्रह, म्हणून नीट लिहिलं: 'टिप्पणीचा आयपी पत्ता तपासला असता स्थान हिनकल असे दिसते.' ह्यांच्यासारखं अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी नाही.

८ जुलै, मंगळवार

कपाळावर हात मारायची वेळ.

अध्य. आणि चिटणीस नकाशा छापून गाडीने शहराच्या कडेला हिनकलला गेले! मेलसोबतच्या नकाशावर लाल टाचणी होती ना. टाचणीच्या जागी निघालं पंक्चरचं दुकान. तिथे ह्यांनी विचारलं, इथे मराठी घर कुठलं? दुकानदाराने पुढच्या गल्लीतलं दाखवलं. सुमित्राक्कांचं. झालं, गुन्हेगार सापडला!

अक्का म्हणजे निवृत्त शिक्षिका. घराणं इथे पिढ्यान् पिढ्या. नवरा गेला, मुलगी परदेशी, एकट्या राहतात. साइटवर त्यांचं एक पान आहे, 'आमच्या घरची बोली'. आठवड्याला एक म्हण नाहीतर आठवण फोनवर बोलून पाठवतात, मी चढवते. (नाक मुरडत. निम्मे शब्द कन्नड.) गेल्या वर्षी भर सभेत त्यांनी अध्यक्षांचं एक वाक्य दुरुस्त केलं होतं, तो राग आहेच.

मी म्हटलं, अहो, तो घराचा पत्ता नव्हे. अध्य. म्हणाले, "म्यॅडम, तुम्हीच लिहिलंय की पत्ता म्हणून. पत्ता म्हणजे पत्ताच अल्वा?"

नुसतं 'आयपी' लिहिलं असतं तर हा माणूस काही न कळून गप्प बसला असता. मला शुद्ध मराठीची हौस.

ठराव: रविवारच्या सभेत अक्कांनी माफी मागायची. नाही मागितली तर पान बंद. चोर सोडून संन्याशाला सुळी.

९ जुलै, बुधवार

अक्कांचा फोन. आवाज बसलेला.

"मला येवढं टाइप करायला तरी येतं का गं? सुम्ने, उगीच, माझं नाव घेतात. दारात गाडी लावून दोघं उभे ऱ्हायले, शेजारची विचारते, काय झालं अम्मा म्हणून. काय सांगू तिला?"

मी म्हटलं, सिद्ध करून दाखवते अक्का, काळजी करू नका. फार राग आलाय. त्या दोघांचा. ढ तर आहेतच, आणि एकट्या बाईच्या दारात जाऊन उभं राहायची मर्दुमकी वर.

१० जुलै, गुरुवार

सिद्ध करायला बसले. सोपं होतं. आमच्या नेटवाल्या कंपनीचं केंद्र हिनकलला, तेव्हा सरस्वतीपुरमला राहा की पार लांब एच. डी. कोटेला, तपासलं की हिनकलच दिसणार. आमच्याच घरचा क्रमांक तपासून अध्य.ना दाखवू म्हटलं. तपासला. हिनकल.

पण क्रमांकही तोच. सत्यवादीचाच. शेवटच्या आकड्यापर्यंत.

ह्याने काही सिद्ध होत नाही. ही कंपनी एका क्रमांकामागे शेकडो घरं बसवते. हे मी कोणालाही पटवून देईन. मलाच पटेना. कारण बिसीबेळे भाताचं ते वाक्य... वर्धापनदिनाहून आल्यावर जेवताना मीच म्हटलं होतं. मोठ्याने. नवरा, श्री., इतका हसला होता की ठसका लागला. शनिवारी ते साइटवर वाचून मी हसले, आणि ते माझंच आहे हे लक्षातही आलं नाही. असली वाक्यं मी रोज टाकते, कुठली कुठली लक्षात ठेवणार?

११ जुलै, शुक्रवार

श्री.ला विचारलं. नाकबूल होईल असं वाटलं होतं. नवरा भाजी निवडत बसला होता, मान वर न करता म्हणाला, "वाक्यं सगळी तुझी आहेत. मी नुसती टाइप केली."

"अक्कांच्या गळ्याशी आलंय."

"ते तुझ्या अध्यक्षांच्या अकलेमुळे. तूच म्हणतेस ना, अख्ख्या मंडळात धड मराठी बोलणारं कोणी नाही? आता कळवळा कसला?"

त्याला भाजी निवडत तसाच सोडून उठले. त्याचा राग आला, आणि त्याच्या तोंडून मीच बोलत होते त्याची शरम वाटली.

१३ जुलै, रविवार

अक्कांचा सकाळीच फोन. त्यांनी ठरवूनच टाकलंय.

"मी सॉरी म्हणून टाकते गं. मीच लिहिलं म्हणते. बिडु, जाऊ दे. पान तेवढं ऱ्हाऊ दे म्हण त्यांना. घरात मराठी बोलायला कोण आहे आता मला? त्या पानावरच बोलते मी. तू ऐकतेस, अल्वा?"

"ऐकते," म्हटलं. खोटं. कित्येकदा न ऐकताच चढवलंय. फोन ठेवून मागची सगळी ऐकली, एकामागून एक. एका ठिकाणी सासूची नक्कल करताना त्यांना हसू आवरत नाही, म्हण अर्धीच राहते. मी ती तशीच चढवली होती.

श्री. म्हणतो, म्हातारी स्वतःहून मिटवतेय तर तू कशाला मध्ये पडतेस? क्रमांकावरून काही सिद्ध होत नाही, तूच सांग. बरोबर आहे. सभेत उभी राहून एवढंच सांगितलं तरी अक्का सुटतील कदाचित. अध्य.ना मात्र ते कळणार नाही. त्यांना माणूस हवाय.

अकराला सभा. साडी नेसून झाली. श्री.ला म्हटलं, तूही चल.

"मी कशाला?"

"अक्का माफी मागतील, ती ऐकायला."

पेपर हातात आहे, पान उलटत नाहीये. रिक्षा बोलावलीय, दोघांची. मी हे लिहितेय तोवर त्याने अजून चप्पल घातलेली नाही.