घोरासुरासाठी शिरस्त्राण

खालची आळी, जि. रत्नागिरी
सोमवार, ९ डिसेंबर १९८५

चि. चिंतामणी यास,

आशीर्वाद. तू समुद्रावर आणि मी समुद्राकाठी, तेव्हा खारी हवा दोघांच्याही नशिबी सारखीच. मला ती सोसते म्हणजे माझ्या धाकट्या भावालाही सोसत असणार, असं धरून तुझ्या प्रकृतीची चौकशी इथेच आटोपती घेतो. पोट सांभाळ. बोटीवर आंब्याचं लोणचं संपलं असेल तर कळव (कळवून काही उपयोग नाही, पण तुझी उमावहिनी शेजारी उभी राहून लिहायला लावते आहे). इकडे उमेचं बरं चाललं आहे, कलमांना मोहोर धरतो आहे, आणि आपली गाय आठवड्यातून दोनदा शेजारच्या धोंडूच्या परड्यात शिरून माझ्या वतीने त्याच्याशी भांडण चालू ठेवते आहे.

तू सिंगापुराहून पाठवलेलं रंगीत चित्रांचं पुस्तक पोचलं. मागच्या पत्रात मी तुला नुसतं एवढंच लिहिलं होतं, की आकाशातल्या लढायांच्या इंग्रजी सिनेमात असतं तसलं शिरस्त्राण कुठे विकत मिळतं का बघ. का, ते लिहिलं नव्हतं. तूही विचारलं नाहीस, ह्याबद्दल तुझं कौतुक आहे. आपल्या घराण्यात न विचारता काम करणारा तू पहिलाच. आता कारण सांगतो. मात्र हे तुझ्यापुरतं ठेव.

श्रावणात एका सकाळी चूळ भरायला गेलो, तर पाणी आपलं आपण डाव्या बाजूने गळायला लागलं. आरशात बघतो तो डावा गाल उतरलेला, ओठाचा कोपरा खाली, आणि डावा डोळा काही केल्या मिटेना. डॉक्टर म्हणाले, अर्धांग नव्हे, चेहऱ्याची नस आहे, सहा महिन्यांत सुधारेल, कदाचित वर्ष लागेल, कदाचित थोडं तसंच राहील. (इतक्या 'कदाचित'वर आमच्या भूमापन कचेरीत एका बांधाचासुद्धा निकाल लागला नसता.) तेव्हापासून मी तोंडाला मफलर गुंडाळून हिंडतो. भाद्रपदातल्या उकाड्यात मफलर! सगळ्या आळीला सांगून ठेवलं आहे, की दाढ दुखते. चार महिने एकच दाढ दुखते आहे आणि लोक मुकाट्याने मानतात, एवढी माझी छाप आहे. लवू तर दर रविवारी लवंगा घेऊन येतो. डब्यात आता इतक्या लवंगा साठल्या आहेत, की उमा त्या वरणातसुद्धा घालते.

आता मुद्दा. माघात देवीचा उत्सव. उत्सवात 'घोरासुराचा गर्व' हे आपल्या आळीचं नाटक गेली सव्वीस वर्षं होतं, आणि सव्वीस वर्षं घोरासुर मी. तू बोटीवर गेलास त्याच्या आधीची चार-पाच तरी तू बघितली आहेस. माझ्या पहिल्या प्रवेशाला पुढची पोरं उठून आयांच्या मागे जायची, हे तू नाकबूल करणार नाहीस. तर दसऱ्याच्या सुमारास धोंडू आला. (धोंडू अद्याप नाटक मंडळाचा अध्यक्षच आहे, कारण पडदे त्याच्या माळ्यावर असतात.) चहा प्यायला, गाईबद्दल चकार शब्द काढला नाही, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी शिजतंय. शेवटी बशीत बघत म्हणाला, की आप्पा, यंदा दाढेला विश्रांती द्या, घोरासुर लवू करील. लवू! तो बँकेतला कॅशियर, अंगाने भेंडीच्या शेंगेएवढा, ज्याने आजवर कुणाला 'अरे' म्हणून हाक मारलेली नाही, तो शिंचा देवलोकावर स्वारी करणार! मी म्हटलं, मी मरेन त्या वर्षी लवूने करावं, आणि तेही सुतक फिटल्यावर. बोलून बसलो खरा, पण तो गेल्यावर आरशापुढे उभा राहिलो, मफलरसकट. मफलर गुंडाळलेला राक्षस कुणी बघितलाय? आणि चिंतामणी, तुला सांगायला लाज कसली, हे तोंड घेऊन चारशे माणसांपुढे मी उभा राहू शकत नाही. नाटक सोडणं मात्र मला जमायचं नाही. तेव्हा तोंड झाकायचं आणि नाटक करायचं, हे मी पक्कं ठरवलं आहे. ह्यात आता बदल नाही.

वाट दाखवली ती लवूनेच. त्याच्याकडे सत्यनारायण झाला तेव्हा त्याने रत्नागिरीतून व्हिडिओ भाड्याने आणला आणि प्रसादानंतर हा आकाशातल्या लढाईचा सिनेमा लावला. एक शब्द कळला नाही. पण त्यातला दुष्ट सेनापती आला, डोक्यापासून गळ्यापर्यंत शिरस्त्राणात, तोंडाचा एक कणसुद्धा दिसत नाही, आणि तरी काय दरारा! मी प्रसादाचा द्रोण तसाच हातात धरून बसलो. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या सभेत ठराव मांडला, की काळ बदलला, ह्यापुढे आपला घोरासुर परग्रहावरून यावा. दोन तास खल झाला. म्हातारे म्हणाले, देवीपुढे इंग्रजी टोप चालायचा नाही. पोरं म्हणाली, चालेल. शेवटी आपल्याकडे सगळ्या सभा जिथे संपतात तिथेच ही संपली. देवीला कौल लावायचा ठरला.

केरू गुरवाने आंघोळ करून देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं, की हे आई म्हाराजा, तुझ्या ह्या लेकराच्या मनात बोटीवरचा इलायती टोप घालून तुझी सेवा करायची हाय, तुला मानवत आसंल तर उजवा दे. आम्ही सगळे 'होय म्हाराजा'. पाच मिनिटांत उजवीकडचं फूल पडलं. स्वच्छ उजवा कौल! इथे गप्प बसायचं तर बसलो नाही. तुझं पुस्तक आलं तसा पुन्हा देवळात गेलो, त्यात तू नंबर घालून दिलेल्या तिन्ही शिरस्त्राणांची चित्रं कापून पायरीवर मांडली आणि केरूला म्हटलं, ह्यातलं कुठलं घेऊ ते विचार. केरू म्हणाला, आईला उजवं नि डावं ठाऊक, तीन कुठून आणू? मग एकेकाचा कौल लावला. एक नंबरला डावा. दोनला उजवा. तीनलाही उजवा. मग दोन का तीन असं विचारलं, तर पाऊण तास एक फूल हलेना. अखेर दोन्ही फुलं एकदम पडली. केरूने समई सारखी केली आणि सांगितलं, आई कंटाळली, आता घरी जा. म्हणजे निवड माझ्यावरच आली.

एक नंबर देवीने नाकारलं ते योग्यच केलं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, हल्ली नव्या बंगल्यांच्या संडासात बसवतात त्या भांड्याच्या घराण्यातलं. शिवाय डोळ्यांच्या जागी दोन बोटं रुंदीची फट. माझा चष्मा आत जायचा नाही, आणि चष्म्याविना मी पहिल्या प्रवेशातच पेटीवाल्याच्या मांडीवर जाऊन बसेन. तीन नंबर उमेला आवडलं, कारण त्यात बॅटरीवर दिवे लागतात. पण नीट बघ, त्याच्या तोंडातून एक जाड नळी निघून छातीपर्यंत लोंबते. गणपतीपुळ्याच्या वाटेवरचं गाव आपलं. सोंडेसारखं काही दिसलं की बायकांचे हात आपोआप जोडले जाणार, आणि राक्षस प्रवेश करताच प्रेक्षक नमस्काराला उठले तर नाटक पहिल्याच अंकात संपलं. उरलं नंबर दोन. तांब्याच्या रंगाचं, कपाळापासून मानेपर्यंत उभी धार, डोळ्यांपुढे रुंद काळी काच, तोंडापाशी जाळी. चष्मा बसेल, आवाज बाहेर येईल, आणि मूळचा राजबिंडेपणाही राहील.

आवाजाबद्दल मी नुसत्या अंदाजावर जाणारा नाही, हे तू जाणतोस. लवूकडून त्याचं स्कूटरचं हेल्मेट मागून आणलं (कशाला, असं त्याने विचारलं नाही, उलट पुसून दिलं) आणि कलमांत प्रयोग केला. उमेला विहिरीपाशी उभं केलं, मी कुंपणाशी, आणि घोरासुराचं स्वगत सुरू केलं. आत मला स्वतःलाच असं जबरदस्त ऐकू येत होतं म्हणून सांगू! मी रंगात येऊन चार पावलं पुढे आलो, चष्म्यावर वाफ धरली, आणि पायरी आंब्याच्या कलमाच्या खालच्या फांदीत शिरलो. त्या फांदीवर लाल मुंग्यांचं घरटं होतं. पुढचं स्वगत मी केलं ते नाटकात नाही. गळ्याचा पट्टा सुटेना, मुंग्या आत, मी गरगर फिरतोय, आणि तुझी वहिनी मदतीला यायचं सोडून विहिरीच्या काठावर बसून हसते आहे! चार महिन्यांत पहिल्यांदा इतकी मोठ्याने हसली. नंतर विचारलं, स्वगत कसं वाटलं, तर म्हणाली, पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटल्यासारखं. म्हणजे तोंडापाशी जाळी हवीच, हे सप्रमाण सिद्ध झालं.

आता एकच अडचण राहिली आहे. नाटकाच्या शेवटी गर्व उतरलेला घोरासुर मुकुट काढून देवीच्या पायरीवर ठेवतो आणि उघड्या डोक्याने भैरवी म्हणतो. मी सभेत मुद्दा मांडला, की घोरासुर परग्रहावरचा, त्याला इथली हवा सोसायची नाही, सबब त्याने शिरस्त्राणासकटच शरण यावं. धोंडू म्हणाला, रत्नागिरीची हवा सगळ्यांना सोसते, डॉक्टर लोक मुंबईहून माणसं पाठवतात. आणि देवीपुढे झाकल्या तोंडाने सेवा होत नाही, हे त्याने शांतपणे, माझ्याकडे न बघता सांगितलं. भैरवी जाळीतूनही म्हणता येते. नाटक सव्वीस वर्षं मी केलंय, धोंडूने नुसते पडदे ओढलेत.

तेव्हा नंबर दोन घे. कुणी काही सांगितलं तरी दुसरं घेऊ नकोस, आणि 'मिळालं नाही' हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. माघाच्या आधी हातात पडलं पाहिजे.

तुझा,
आप्पा

ता. क. डोक्याचा घेर लवूच्या ओळखीच्या शिंप्याकडून मोजून घेतला आहे, तेवीस इंच. तो म्हणाला, थोडं सैल घ्या. गळ्याचा पट्टा मात्र असा बघ, की मुंग्या शिरल्या तर चटकन सुटावा आणि भैरवीच्या वेळी कुणी ओढला तर सुटू नये.

ता. क. दुसरा. भावोजी, मी उमा. हे गाय सोडवायला धोंडूभावोजींच्या परड्यात गेलेत, तेवढ्यात चार ओळी लिहिते. दाढ दुखते हे आळीत एकालाही खरं वाटत नाही. श्रावणातच सगळ्यांना कळलं. लवंगा आणतात त्या ह्यांचं मन राखायला. लवूने घोरासुराचं काम नको म्हणून तीनदा सांगितलंय. तालमीत ह्यांची जागा मोकळी ठेवून बाकीचे आपापली भाषणं म्हणतात. तो टोप आला की हे त्याच्या आत जाऊन बसतील आणि नाटक संपलं तरी बाहेर यायचे नाहीत, मी ओळखते ना. जेवतानासुद्धा भिंतीकडे तोंड करून बसतात. सव्वीस वर्षं मी पहिल्या रांगेत बसून ह्यांचं तोंड बघितलंय, यंदाही मला तेच बघायचंय, वाकडं तर वाकडं. तेव्हा मिळालं नाही असं कळवा. खोटं बोलल्याचं पाप माझ्या माथी. लोणच्याचं खरंच कळवा.

ता. क. तिसरा. वरचा मजकूर वाचला. (ह्या घरात पाकिटं मी चिकटवतो, हे बत्तीस वर्षांत हिला कळू नये!) लवंगांचं मला माहीत नव्हतं.

निर्णय कायम आहे, नंबर दोनच घे, मी दिलेला शब्द मागे घेणारा नाही. फक्त पार्सलवर माझं नाव घालू नकोस. उमेचं घाल. ते उत्सवाच्या आधी फोडायचं की नंतर, तिचं ती ठरवील. मी विचारणार नाही.