लॅपटॉपला एकाच विहिरीचं पाणी

बाबा,
तुम्ही रामकुंडावरून याल तोवर माझी बस सिन्नरच्या पुढे गेली असेल. लॅपटॉप नीट चालू झालाय. आपलं लिनक्स जुन्या आवृत्तीचं, आणि सॉफ्टवेअर ज्या साठ्यांतून, म्हणजे रेपोंतून, उतरतं त्यांच्या यादीत तुम्ही नव्या आवृत्तीची रेपोही घातलीत. मग सॉफ्टवेअरची निम्मी पॅकेजं नवी आली, निम्मी जुनी राहिली, आणि त्यांचं आपसात पटेना. कलशात सात नद्यांचं पाणी चालतं हो, लॅपटॉपला एकाच विहिरीचं लागतं. नवी रेपो काढून एकेक पॅकेज परत जुन्यावर आणलं.

‘कशाला हात लावता?’ म्हणून काल तुमच्यावर ओरडले. आज लॅपटॉपमधल्या नोंदी चाळताना दिसलं, की नव्या रेपोतून तुम्ही पहिलं घेतलंत ते व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर, आणि तारीख माझं बंगळूरच्या नोकरीचं पत्र आलं त्याच दिवसाची. त्या दिवशी पेढा भरवून तुम्ही नुसतं ‘जा बिनधास्त’ म्हणाला होतात.

ते सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीतही चालतं, टाकून ठेवलंय. उद्या संध्या आटोपून बसा, मी कॉल करते. कॅमेऱ्यावरची तुमची चिकटपट्टी काढलीय. परत लावू नका, मला तुम्ही दिसायला हवेत.

आभा