पाठीशी दोन उशा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजही लाथ! मी सिग्नलला ब्रेक दाबायला आणि मागून सीटला धक्का बसायला एकच गाठ. आरशात पाहिलं तर टिटवी अगदी शहाण्यासारखी बसलेली. एका हातात दाराची मूठ घट्ट, डोळे सरळ रस्त्यावर.

"लाथा कशाला मारतेस गं?"

"नाही मारत."

अकरा वर्षांची झाली. आता खोटंही सफाईनं बोलते.

माझ्या बाजूची जागा मोकळी असते. मागेही दुसऱ्या बाजूला ऐसपैस बसता येईल. पण ही बसणार माझ्याच पाठीमागे, जिथं गुडघे पोटाशी घ्यावे लागतात. मला छळायचं असेल, दुसरं काय!

टिटवी हे नाव ह्यांनी ठेवलं. पाळण्यात होती तेव्हापासूनचा कलकलाट. हे तिला शाळेत सोडून यायचे आणि म्हणायचे, "आज गाडी पेट्रोलवर नाही, टिटवीच्या बडबडीवर चालली." माझ्या गाडीत ती मुकी असते.

माझी गाडी लिहिलं. ह्यांची गाडी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मंगळवारी आणि गुरुवारी चष्म्याचं दुकान मी उघडते, म्हणून त्या दोन दिवशी टिटवी दातवालीबरोबर जाते. दातवाली म्हणजे दातांची डॉक्टर, टिटवीच्या मैत्रिणीची आई, दोन गल्ल्या सोडून राहते. तिचे स्वतःचे दात असे की हसली की उन्हात आरसा धरल्यासारखं होतं. पांढरी गाडी, पांढरे दात.

टिटवीला तिच्या फाटकाशी सोडायला चालत गेले. तिचा नवरा फडकं घेऊन गाडीची पुढची काच पुसत होता. रोज पुसतो. मग टपावर दोनदा थाप मारून म्हणाला, "सावकाश गं." ती फोनमध्ये बघत "हो हो" म्हणाली. वरसुद्धा पाहिलं नाही!

मी पाहिलं. मी त्या थापेकडे बघतच उभी राहिले, आणि माझ्या लेकीनं मागे वळून हात करायचाही विसरली. नाही, वाक्य चुकलं. माझी लेक हात करायला विसरली. घाईत लिहिते, व्याकरण कोण तपासतंय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

संध्याकाळी दातवाली भेटली वाण्याच्या दुकानात. "तुमची टिटवी आमच्या गाडीत काय गाढ झोपते हो! शाळा आली की हलवून उठवावं लागतं. तोंड उघडं टाकून, लहान बाळासारखी."

मी हसले. काय करणार?

झोपते! माझ्या गाडीत दीड वर्षात एकदाही डोळा मिटला नाही तिचा. ह्यांच्या वेळी झोपायची, येताना. खांद्यावर टाकून आणायचे वर. आणि आता परक्या बाईच्या गाडीत तोंड उघडं टाकून झोपते.

घरी येऊन भांडी घासली ती अशी, की सासूबाई आतून म्हणाल्या, "भांड्यांचा काय दोष गं?"

शनिवार, ८ फेब्रुवारी

टिटवीचा पोहण्याचा तास. मी बाहेर गाडीत वाचत बसते. माझं शिक्षण दहावीपर्यंत, पुढचं सगळं असंच झालं. गाडीत, रांगेत, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. शब्दकोश गाडीच्या खणातच असतो. आज त्यात हेवा बघितला, मग मत्सर. हेवा म्हणजे तिच्याकडे आहे ते मलाही हवं. मत्सर म्हणजे तिच्याकडेही नको. असा मी लावलेला अर्थ, कोशात इतकं सरळ नाही. मग पुष्कळ वेळ या दोन शब्दांत मी कुठं बसते ते बघत राहिले. नवरा तिचा तिला लखलाभ. पण माझ्या लेकीची झोप तिच्याकडे नको. नकोच!

उशा पुन्हा घसरल्या होत्या, सारख्या केल्या. पाठीशी दोन उशा घेतल्याशिवाय माझे पाय पुरत नाहीत. हे सहा फूट, मी पाच फूट एक इंच. छातीत दुखतंय म्हणून हे स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेले. मला म्हणाले, "तू मागून रिक्षानं ये, टिटवीला शाळेतून घेऊन." गाडी नीट दोन रेघांच्या मध्ये लावली, आरसे मिटले, चालत आत गेले. गाडी नंतर माझ्या भावानं घरी आणली. तोही तसाच ताडमाड, त्याला सीट हलवावी लागली नाही. मग मी शिकले. शिकवणारे काका त्यांच्या गाडीत रोज घोकून घ्यायचे, "ताई, आधी सीट, मग आरसा, मग पट्टा, मग किल्ली." आणि मी घाबरून थिजले की, "क्लच सोडा ताई, जीव नका सोडू!"

त्यांच्या गाडीत मी सीट पुढे घ्यायचे. ह्यांच्या गाडीत नाही घेतली. घरातलं सगळं हळूहळू सरकलं. कपाट रिकामं झालं, चपला गेल्या, फोनचा नंबरसुद्धा आता कुणा दुसऱ्याचा आहे. सीट तेवढी ह्यांनी सोडली तिथं आहे. दोन उशांनी काय बिघडतं?

सोमवार, १० फेब्रुवारी

दातवालीच्या गाडीत पुदिन्याचा वास येतो म्हणे. मी पण तसल्या वासाची पुडी आणून आरशाला टांगली. गाणी लावली. टिटवीला आवडणारी, ज्यात शब्द कळत नाहीत ती. तिनं पुडीकडे पाहिलं, म्हणाली, "काकूंकडे आहे तशीच." बस्स. मग परत मूठ, परत रस्ता. आणि वळणावर लाथ, चौकात लाथ, शाळेच्या उतारावर तर दोन्ही पाय!

उतरताना दार धरून उभी राहिली. "आई, मी रोजच काकूंबरोबर गेले तर चालेल? त्या हो म्हणतील."

"का? माझ्या गाडीला काटे आहेत?"

"तसं नाही."

"मग कसं?"

"काही नाही. जाऊ दे."

मी ओरडले. सगळ्या आईबापांसमोर, खिडकीतून. "जा ना, तिच्याच घरी राहायला जा!" टिटवी दप्तर सावरत गेली. मागे वळून नाही पाहिलं.

दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवले. एका आजोबांना तीनदा विचारलं, "आता टोचतंय का?" लेकीला एकदाही विचारलं नाही, म्हणजे नीट विचारलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दातवालीचे तीन फोन. उचलले नाहीत. मग निरोप, "जरा बोलायचं होतं, महत्त्वाचं आहे." माझी लेक रोज न्यायची परवानगी हवी असणार. मिळणार नाही!

बुधवार, १२ फेब्रुवारी

आजचं अक्षर बघा.

शाळेपाशी उतारावर गाड्यांची रांग होती. पुढे पांढरी गाडी, दातवालीचीच. ती थांबली, मी ब्रेक दाबला. म्हणजे दाबायला गेले. वरची उशी सटकली, मी मागे रुतले आणि पाय नुसता टेकला, दाबला गेला नाही. मागून टिटवी किंचाळली, "आई, दाब!" आणि धाड.

मोठं काही नाही. तिच्या मागच्या दिव्याची काच, माझ्या नंबराची पाटी वाकडी. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण मागच्या गाडीतला बाप हॉर्न वाजवून म्हणाला, "ओ बाई, चालवता येत नाही तर घेता कशाला?" आणि मला आधी काय वाटलं? हिला वाटेल मी मुद्दाम ठोकली. लेक मागे बसलीय हे नंतर आठवलं. हे इथंच लिहिते, दुसरीकडे कुठं लिहिणार.

दातवाली उतरून धावत आली. माझ्याकडे नाही, आधी मागच्या दाराकडे. टिटवीला बाहेर काढलं, पोटाशी धरलं. टिटवी तिच्या कुशीत रडली. माझ्यासमोर! मी पट्ट्यात अडकलेली, उशी मांडीवर.

"मी काल फोन करत होते," दातवाली म्हणाली. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"दिव्याचं मी बघते," मी म्हणाले आणि काच वर केली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दातवाली दुकानात आली. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली, वाचायचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. "घसरतो सारखा. बघता का?" चष्मा बरा होता, थोडा सैल. मी पेचकस घेतला. हातात काम असलं की मला माणसाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, हे तिनं कसं ओळखलं कोण जाणे.

"टिटवीनं मला शपथ घातली होती, आईला सांगायचं नाही म्हणून. सोमवारी संध्याकाळी आमच्याकडे खेळायला आली तेव्हा रडून सगळं बोलली. पण कालच्यानंतर शपथ मोडते. रागवा हवं तर."

मी चष्म्याच्या नाकाची गादी दाबत होते.

"ती लाथ मारत नाही हो ताई. ती ढकलते."

"काय ढकलते?"

"तुमची सीट. तुमचा पाय ब्रेकला पुरत नाही ना, म्हणून. तुम्ही ब्रेक दाबायला गेलात की उशा दबतात आणि तुम्ही मागे जाता. म्हणून ती दोन्ही पायांनी तुम्हाला पुढे रेटून धरते. त्यासाठीच तुमच्या मागे बसते. म्हणाली, 'मी झोपले तर आईला कोण ढकलणार?'"

पेचकस खाली पडला. वाकून शोधला. काउंटरखाली जरा जास्तच वेळ शोधला.

"मग मला का नाही सांगितलं तिनं? तुम्हाला सांगितलं!" आवाज चढला माझा. बाहेरच्या बाकावरचं गिऱ्हाईक बघायला लागलं.

"कारण ती सीट बाबांची आहे," दातवाली म्हणाली. "सीट हलवायला लावली तर आई रडेल, असं म्हणाली. मी कोण तिची? माझ्यापुढे ती सीट नुसती सीट आहे."

मी चष्मा तिच्या नाकावर बसवला. कानामागं बोट घालून पाहिलं. डोकं हलवायला सांगितलं.

"आता घसरतोय?"

"नाही."

दात दिसले नाहीत तिचे. ती हसली नव्हती. पहिल्यांदा नीट पाहिलं, डोळ्यांखाली काळं आहे तिच्या. तरी लिहिते, राग गेलेला नाही. माझ्या पोरीची भीती तीन दिवस तिच्याकडे होती, आणि माझ्या पाठीला दीड वर्ष टेकलेली असून मला कळली नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

गाडी काढली नाही. टिटवीला बसनं सोडलं. दोघी उभ्या, एकाच दांडीला धरून. तिचे पाय बघत होते. बुटांची टोकं पुढून घासलेली.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी पाटी सरळ करून आणली. मग चहा झाल्यावर टिटवीला म्हटलं, "चल खाली. सीट पुढे घ्यायचीय."

ती माझ्याकडे बघत राहिली. "काकूंनी सांगितलं."

"सांगितलं. बरं केलं." हे म्हणायला मला तीन दिवस लागले.

"तू रडणार का?"

"बहुतेक. तू लक्ष देऊ नकोस."

सासूबाईही जिना उतरून आल्या, गुडघे दुखत असताना. मी उशा काढून त्यांच्या हातात दिल्या. बसले. पाय ब्रेकला लागेचनात, नुसते तरंगत होते. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "अगं बाई, एवढ्या लांबून चालवत होतीस? तो असता तर कानाखाली काढली असती. तुझ्या नाही, माझ्या. आई असून बघत बसली म्हणून."

सीटखालची दांडी ओढली. हलेना. दीड वर्षाची धूळ, एक पेन्सिल, टिटवीची केसांची पिन, आणि दांडी गंजलेली. पुन्हा ओढली, अंगाला हिसडे दिले. नाही! मला वाटलं, बघा, हे सोडत नाहीत.

"आई," मागून टिटवी म्हणाली. कधी जाऊन बसली कळलं नाही. "तू दांडी ओढून धर. मी ढकलते."

दोन्ही पाय पाठीत. ओळखीचे. कट्. कट्. कट्. कट्.

ब्रेक माझ्या पायाखाली आला. पूर्ण तळव्याखाली. मी दाबून पाहिला. आणि मग रडले, सांगितलं होतं तशी. सासूबाईही रडल्या, उशा छातीशी धरून. टिटवी तेवढी नाही.

"चार," ती म्हणाली. "चार खाचा. बाबांची सीट चार खाचा मागे. लक्षात ठेवू आपण."

सोमवार, १७ फेब्रुवारी

आधी सीट, मग आरसा. आरशात टिटवी दुसऱ्या बाजूला, पाय लांब सोडून. पहिला सिग्नल, मी पाठ आवळून बसले. काही नाही. दुसरा सिग्नल, काही नाही. उतारावर पुन्हा आरशात पाहिलं. मान कलंडलेली, तोंड उघडं.

शाळा आली. उठवलं नाही. घंटा झाली, रांग गेली, फाटक लागलं. होऊ दे उशीर.