नाही, आधी तुम्ही!

२ आजर, शनिवार

फजिती! भर विद्यापीठात, सगळ्यांदेखत.

प्रयोग किती सोपा होता. दोन अनोळखी माणसं, मध्ये पिस्ते घातलेल्या गझचा डबा. पहिल्याने वाटणी करायची – स्वतःला हवी तेवढी मिठाई ठेवायची, उरलेली दुसऱ्याला. एकट्यावर सोडलं की माणूस स्वतःकडे जास्त ठेवतो, असं आमची पुस्तकं म्हणतात. वर्तन-अर्थशास्त्राचा हा पहिला धडा.

इस्फहानात काय झालं? पहिल्या आजोबांनी अख्खा डबा समोर सरकवला. "घ्या हो, तुमच्यापुढे याची काय किंमत!" समोरच्यांनी तो परत सरकवला. "छे, तुम्ही असताना मी घेऊ?" जेवणाची वेळ झाली तरी डबा टेबलावर येरझाऱ्या घालतोय! शेवटी दोघांनी तो माझ्याच हातात कोंबला आणि एकमेकांना जेवायला घरी बोलावत निघून गेले.

आकडे शून्य. मिठाई भरपूर. अर्दवान गझ चघळत म्हणाला, "मेहरनूश खानम, प्रयोग गोड झाला."

हसतोय कसला! त्याचाही विषय हाच, खोलीही हीच, आणि नोकरी माझ्यासारखीच हंगामी. नवरोजला दोघांची मुदत संपते. कायमची जागा एकच आहे.

४ आजर, सोमवार

दोघांच्या मध्ये पडदा लावला. कोण कोणाला देतंय ते दिसणारच नाही. आता कसला तआरोफ, कसली ती आग्रह-नकाराची रीत?

पडद्याच्या कडेने एक बाई डोकावल्या. "अगंबाई, कोण आहे पलीकडे? आधी तुम्ही घ्या हं!"

५ आजर

काही नाही. डोकं दुखतंय. गझ खाऊन दाढही.

१४ आजर, गुरुवार

मीच गाढव!

जिन्यात वरच्या तूरान खानम भेटल्या. "कधीही ये गं, घर तुझंच आहे!" असं म्हणत म्हणत दार लावूनही घेतलं. मग खालच्या पूरी खानम. "उद्या दुपारी घोरमे सब्जी करतेय. तांदूळ तुझ्यापुरता जास्त भिजवलाय. उशीर केलास तर खरपुडी मिळायची नाही, सांगून ठेवते."

लख्ख उजेड पडला! मनापासूनच्या बोलावण्याला वार असतो, वेळ असते, पदार्थ असतो. वरवरच्याला नुसता गोडवा. तआरोफ प्रयोगातून हाकलायचा कशाला? तोच तर मोजायचा!

आईला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "म्हणजे आता तू लोकांना तोंडावर विचारणार – खरं बोलावताय की खोटं? माझं नाक कापणार आहेस तू."

२० बहमन, रविवार

व्याख्यान झकास झालं. सगळी थंडी मी आमंत्रणं गोळा करत गावभर हिंडले, वजन वाढलं, पण कसोटी हाती लागली. "नाव, दिवस, वेळ – हे जिथे आलं, तिथे माणूस मनापासून बोलतोय." टाळ्या! विभागप्रमुख डॉ. तवक्कली पहिल्या रांगेत होते, आणि चक्क जागे होते. अर्दवान तर सगळं टिपून घेत होता. गुणी मुलगा.

५ इस्फंद, सोमवार

कोणीतरी माझ्या थोबाडीत मारा.

तवक्कलींनी बोलावलं. चहा आला. म्हणाले, "खानम डॉक्टर, कायमची जागा तुमची."

आणि हे माझं तोंड! आईने लहानपणापासून घडवलेलं तोंड! "छे छे, मी कोण? अर्दवान माझ्यापेक्षा लायक आहे. नवरोजची सुट्टी संपली की पहिल्याच शनिवारी त्याला रुजू करून घ्या."

आता रीतीप्रमाणे त्यांनी "ते मुळीच चालायचं नाही" म्हणायचं. मग मी पुन्हा नको म्हणायचं. मग त्यांनी आणखी आग्रह करायचा, आणि मग मी मान खाली घालून हो म्हणायचं. हे अख्ख्या देशाला येतं!

ते चष्मा काढून म्हणाले, "नाव घेतलंत. दिवसही सांगितलात. म्हणजे तुमच्याच संशोधनाप्रमाणे हे मनापासूनचं. केवढं मोठं मन तुमचं!" त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही. माझं कारण वेगळं होतं.

६ इस्फंद

रडले. मला ही जागा हवी आहे. वहीशी कसला तआरोफ – हवी, हवी, हवी!

८ इस्फंद, गुरुवार

अर्दवान घरी आला, नर्गिसची फुलं घेऊन. "खानम, जागा तुमचीच. शनिवारी सकाळी दहाला आपण दोघं तवक्कलींकडे जाऊ. मी स्वतः त्यांना सांगतो."

नाव, दिवस, वेळ! कसोटीवर शंभर नंबरी. मी म्हणाले, "बरं."

नुसतं "बरं".

त्याचा चहाचा पेला ओठांशीच थांबला. चेहरा खर्रकन उतरला. अरे चोरा! वरवरचा आग्रह मनापासूनचा कसा दाखवायचा, हे तू माझ्याच व्याख्यानातून शिकलास! म्हणजे संशोधनही गेलं. जी खूण सगळ्यांना कळली, ती कसली खूण?

आई आतून ओरडली, "नुसतं 'बरं'? लाज कुठे ठेवलीस गं?"

आता दिलेला शब्द त्याला फिरवता येणार नाही, आणि तो पाळायचीही त्याला इच्छा नाही. शनिवारी तवक्कलींसमोर तो गुळमुळीत काहीतरी बोलणार, हे मला आत्ताच दिसतंय. त्याच्या आधी मी बोलले तरच काही खरं. म्हणजे आधी मला आत शिरायला हवं. आणि मी जन्मात कुठल्याही दारातून पहिली आत गेलेली नाही. कोण जातं आमच्यात? दुसऱ्याला पुढे करत उंबऱ्यावर पाय दुखेपर्यंत उभं राहायचं, हीच रीत.

१० इस्फंद, शनिवार

तवक्कलींचं दार. अर्दवान छातीवर हात ठेवून वाकला. "आधी तुम्ही."

मी गेले.