बापूंची आपत्ती

४ नोव्हेंबर २०२५

गेलं! बापूंच्या एका शब्दानं सगळं गेलं!

तिलवाऱ्याची नदीकाठची धर्मशाळा जपायला सरकार पैसा देऊन राहिलं. मराठ्यांच्या वेळची आहे, परिक्रमावाले अजून तिथंच टेकतात. मीपण — गावोगाव भटकून आली की तिथंच. बापू, म्हणजे बाबांचे काका, तिथले राखणदार. आज त्याच्या जनसुनवाईत सरकारी ऑफिसातल्या लतिका मॅडमनी सगळ्यांना विचारलं, "किसी को आपत्ति है?" बापू ताडकन उभे — "आपत्ती तो बहुत है, मॅडम! दीवार फूल गई, छत टपकती है..."

मॅडमनी विचारली हरकत, बापूंना वाटलं, संकटं विचारून राहिल्या! तिथल्या कारकून बाबूनं लिहून टाकलं — राखणदाराचा विरोध. मी शेजारीच होती, पण खिडकीतल्या माकडाकडे बघत बसली. कळलं तोवर पुढचं नाव पुकारलं.

५ नोव्हेंबर

ओसरीचा खांब कलला. नदीकडचा. बापू त्याला दोरी बांधून राहिले. म्हटलं, दोरीनं काय होते? म्हणे, "त्याला कळलं पाहिजे ना, कोणी आहे म्हणून."

६ नोव्हेंबर

मॅडमकडे निघाली. कमानिया गेटापाशी खोव्याची जिलेबी दिसली, मग बांगड्या, मग एका भैयाची सायकल... पोचली तर ऑफिस बंद! मूर्ख मी!

७ नोव्हेंबर

भेटली. बापूंचा घोटाळा सांगितला. मॅडम आधी खूप हसल्या. "मंगलवार को फिर पूछ लेंगे." मग हसू गेलं. "पर उन्हें समझा देना. काम शुरू हुआ तो वहाँ कोई रह नहीं सकता."

म्हणजे बापूंची खोली जाणार! आयुष्य काढलं तिथं त्यांनी.

९ नोव्हेंबर

पढवलं — "बापू, हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत. विचारलं की नाही म्हणायचं." खोलीचं बोललीच नाही.

"अच्छा. अन् तू काहून तोंड लपवून राहिली?"

सांगावं लागलं. बापू उठून खांबापाशी जाऊन बसले. जेवले नाहीत.

११ नोव्हेंबर

"किसी को आपत्ति है?"

बापू उभे राहिले. बाबूनं पेन उचललं. 'नाही' म्हणतील? की हरकत आहे म्हणतील? 'नाही' म्हणूच नये असंपण वाटलं —

"नहीं है, मॅडम."

बाहेर आल्यावर धोतर झटकलं. "चलो. आता आपत्ती तुझी! कुठं ठेवते मला?"

१३ नोव्हेंबर

राइट टाउनात खोली पाहिली. दोन खाटा मावतात — बापूंची अन् माझी. मालकीण म्हणे, "कितने दिन के लिए, बेटा?"

म्हटलं — "रहना है."