काठावरच्या चपला

रविवार, जानेवारी. नेरळच्या पुढे, उल्हासच्या काठी.

कर्जतहून एकटाच कयाक वल्हवत आलो. मुक्कामाला उतरलो, तर काठावर एक जोड चपला. नीट शेजारी शेजारी ठेवलेल्या, माणूस कुठेच नाही. म्हशी वळवणाऱ्या मावशींना विचारलं.

"सकाळपासनं हायेत रं. कोन नाय आलं न्यायला."

एवढं बोलून त्या पाण्याकडेच बघत राहिल्या.

मला तंबू ठोकवेना. कुणी बुडालं तर नसेल? मी दिवसभर ह्याच पाण्यात वल्हं मारत होतो. नजर पुन्हा त्या चपलांवर.

मग माझे अनवाणी पाय दिसले. होडीत चपला घालून बसायचं नाही ही घरची सवय, म्हणून सकाळी कर्जतच्या काठावर काढल्या त्या तिथेच राहिल्या.

फोन भिजून बंद पडलाय. घरी मित्राकडे जातो म्हणून सांगितलंय. आई कामावरून त्याच काठाने परतते.