खोबरेल प्यालेली सीट

बाबा,

आधी नुसतं ‘ख्र्र’, मग घसा साफ करताना होतो तसा एक अडखळा, आणि मग लांबच लांब गुणगुण. आपल्या पडवीत आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर ठेवलेली सीटची ती मोटर तुम्ही बॅटरीच्या दोन तारांना जोडलीत, तेव्हाचा हा आवाज. मला तो वृत्तात बसवता येईना, कारण यती हमखास चुकायचा. आज दुपारी तो पुन्हा ऐकला आणि वाटलं, तुम्हाला लिहावं. पत्र कुठे टाकायचं ते मात्र ठाऊक नाही.

शेजारचे मामा बोटीवरची नोकरी संपवून मिठबावात परतले ते ती लांबडी अमेरिकन गाडी घेऊन. बटण दाबलं की पुढची सीट मागेपुढे व्हायची, वरखाली व्हायची. पोरंटोरंच काय, म्हातारेही बटण दाबून बघायला यायचे. मग खारा वारा आत शिरला आणि सीट पार पुढे, पार उंच जाऊन तिथेच अडकली. धिप्पाड मामा स्टिअरिंगला पोट चिकटवून, छपराला डोकं टेकवून गाडी हाकायचे आणि ओरडायचे, “बायलेन कधी घेवक नाय इतक्या जवळ घेता रे ही माका!”

त्याच हिवाळ्यात आई विहिरीच्या पायरीवरून घसरली. गावच्या वैद्याचे लेप झाले, पण कंबर काही वळेना. बैलगाडीचे हिसके तिला सोसवत नव्हते, एस. टी.त चढवणं अशक्य होतं. मामांची सीट खाली आणि मागे गेली तर मात्र पाय लांब करून, तळेऱ्यावरून कणकवलीच्या डॉक्टरांपर्यंत ती जाऊ शकणार होती. मामा म्हणाले, “सीट तू चालू कर, गाडी तुझीच समज.” तुमचा जन्म लाँचच्या इंजिनाशी गेलेला, सीटला मोटर असते हे तुम्ही पहिल्यांदाच पाहत होता.

मी तेव्हा शाळेवर नवा मास्तर. तुम्ही गाडीत आडवे होऊन सीटखाली डोकं घातलेलं, मी टॉर्च धरून बसलेला, आणि ओठांवर दुसऱ्या दिवशी मुलांना शिकवायची कविता. आतून तुमचा आवाज, “कविता म्हणतंस काय टॉर्च धरतंस? तुझे कवितेन स्क्रू सुटाचो नाय रे!” मला राग आला होता. आता तो कुठे शोधूनही सापडत नाही.

मोटर पडवीत उघडलीत. आतले कार्बनचे तुकडे झिजून गेले होते. तुम्ही टॉर्चचा जुना सेल फोडून त्यातली काळी कांडी कानशीने घासत बसलात, दोन दिवस, जेवणंसुद्धा तिथेच. आणि मग तो आवाज. सीट जागेवर बसवलीत, तिच्याखालच्या लांब आटेदार दांड्यांना तेल घातलंत. आपल्याकडे दाराची बिजागरी असो, शिवणाचं मशीन असो की माणसाचं डोकं, तेल एकच. भर दुपारी सीट अशी सरकली की मामांनी गाडीलाच नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं. आंब्याला मोहर धरणारी ती कडाक्याची थंडी. आईला खुर्चीसकट बाहेर खळ्यात, गाडीशी आणून ठेवलं. मामांनी बटण दाबलं. मोटर नुसती कण्हली. सीट जागची हलेना. तुम्ही पुन्हा पुन्हा दाबून पाहिलंत, मग पायरीवर बसलात आणि म्हणालात, “ऱ्हवांदे. आज नको.”

आईने खुर्चीतूनच विचारलं, “तेल खयचा घातलास?”

“खोबऱ्याचा. दुसरा खयचा घालतले?”

“अहो, ह्या थंडीत बाटली चुलीकडे ठेवल्याशिवाय माझ्या केसांक तेल मिळना नाय. आणि तुमी तां गाडयेक पाजलास!”

मामा हसून हसून बॉनेटवर पडले. तुम्ही हसला नाहीत. मी न्हाणीच्या हंड्यातल्या कढत पाण्यात फडकी बुडवून आणत राहिलो, तुम्ही ती आट्यांना गुंडाळत राहिलात. मग ख्र्र करून सीट मागे गेली, हळूहळू खाली आली. मामा टाळ्या पिटत होते. तुम्ही फडकं पिळता पिळता, कोणाकडेच न बघता म्हणालात, “चलली. आता जावक व्हया.”

इतकी मेहनत फळाला आली आणि माणूस असा दमलेल्या आवाजात का बोलतो, हे मला समजलं नव्हतं. कणकवलीला डॉक्टरांनी सांगितलं, कंबर आता वळायची नाही. परतीच्या वाटेवर लाल धुळीत आईनेच विचारलं होतं, “आज नको म्हणालास, तुमी भिलास काय?”

बाबा, आता माझ्या दारात लेकाने घेऊन दिलेली गाडी आहे. तिच्याही सीटला मोटर, तिलाही खारा वारा, तीही सीट अडकलेली. तुमची सून गणपतीत पडली. ऑपरेशन झालं, पण दोघांनी धरल्याशिवाय ती उठत नाही. कोपऱ्यातल्या वॉकरवर टॉवेल वाळतात. कणकवलीला पुन्हा दाखवायचं राहून गेलंय. शेजारच्या ड्रायव्हरने सीट खोलून मोटर काढून दिली. मोटर मी पडवीत घेऊन बसलो, गंज काढला, पुसली. चार दिवस. डोळे साथ देत नाहीत. कोणी विचारलं की सांगायचो, सीट नीट झाली की निघू.

आज दुपारी तुमची सून निजलेली पाहून तारा जोडल्या. मोटर चालली. आणि मी झटकन तार ओढून काढली, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. खरं सांगतो बाबा, मोटर बिघडलेलीच राहिली असती तर मला बरं वाटलं असतं. तुमचं ते ‘आज नको’ मला आज कळतंय, तुम्ही…

आत काहीतरी घासत येतंय. टॉवेल खाली पडलेत. ती दारात उभी आहे, वॉकरला दोन्ही हातांनी धरून, एकटी, धापा टाकत.

“वाजली मां ती मोटर?” विचारते आहे. “मगे कधी निघूया?”